सांध्यात डाय भरून एमआरआय, म्हणजे आर्थ्रोग्राम: पेशंट रोज विचारतात ते प्रश्न

मी पुण्यात एमआरआय टेक्निशियन आहे, दहा-बारा वर्षं झाली. आर्थ्रोग्रामची अपॉइंटमेंट घेतलेला माणूस आदल्या रात्री हमखास फोन करतो आणि प्रश्न तेच असतात, फक्त आवाज वेगळा. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. तुमच्या सेंटरने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, प्रत्येक ठिकाणची पद्धत थोडी इकडेतिकडे असते.

आर्थ्रोग्राम म्हणजे नक्की काय करतात?

दोन कामं असतात. आधी सांध्याच्या आत सुईने थोडं औषध सोडतात, त्यालाच सगळे डाय म्हणतात किंवा कॉन्ट्रास्ट. मग लगेच त्या सांध्याचा एमआरआय किंवा सीटी काढतात. सुईचं काम रेडिऑलॉजिस्ट डॉक्टर करतात, फोटोचं आमच्याकडे. ॲडमिट व्हायचं नसतं, पूर्ण भूल नसते, टाके नसतात. घरातून निघून घरी परत यायला अर्धा दिवस धरा, त्यातला बराचसा फॉर्म भरण्यात आणि वाट बघण्यात जातो हे आधीच सांगतो.

माझा साधा एमआरआय महिन्यापूर्वीच झालाय, परत कशाला? पैसे काढायचा धंदा आहे का?

हा प्रश्न लोक मनात ठेवतात आणि मग बिल भरताना विचारतात. आधीच विचारा ना, उत्तर सोपं आहे.

सायकलच्या ट्यूबला बारीक पंक्चर असेल तर पंक्चरवाला नुसतं बघून सांगत नाही, आधी हवा भरतो, पाण्यात बुडवतो, मग बुडबुडे कुठून येतात ते बघतो. सांध्याचं तसंच आहे. सांध्याभोवती एक पिशवी असते आणि एरवी ती चपटी, आतल्या सगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटून बसलेल्या. खांद्याच्या वाटीच्या कडेला लॅब्रम नावाची रबराच्या वायसरसारखी किनार असते, ती फाटली असेल आणि फाटलेले दोन्ही काठ एकमेकांवर टेकलेले असतील तर साध्या एमआरआयवर ती चिर चक्क लपते. आत पाणी भरलं की पिशवी फुगते, काठ सुटे होतात, डाय त्या फटीत शिरतो आणि फोटोत ती फट पांढरीशुभ्र रेघ होऊन दिसते.

म्हणजे साधा एमआरआय चुकीचा होता असं नाही, त्याला ती गोष्ट दिसणं अवघड होतं इतकंच. उलटपक्षी प्रत्येकाला आर्थ्रोग्राम लागतोच असंही नाही. पन्नाशी-साठीच्या माणसाचा खांद्याचा स्नायू फाटलाय का एवढंच बघायचं असेल तर साधा एमआरआय किंवा सोनोग्राफीसुद्धा पुष्कळ झाली. फ्रोझन शोल्डर तर डॉक्टर हात फिरवूनच ओळखतात. आणि आता ३ टेस्लाची, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाची मशीन आली आहेत, त्यांचे साधे फोटोही इतके स्वच्छ येतात की काही डॉक्टर डायशिवाय भागवतात. तेव्हा तुमच्या ऑर्थोला बिनधास्त विचारा, 'डायने असं काय कळणार आहे ज्यावरून ट्रीटमेंट बदलेल?' चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

जास्त करून कोणाला सांगतात?

खांदा सगळ्यात जास्त. पुन्हा पुन्हा निखळणारा खांदा. आमच्याकडे कबड्डीची पोरं येतात, चढाईला गेला, हात कोणीतरी मागे ओढला आणि खांदा बाहेर, मग गावातल्याच कोणीतरी बसवला, मग पुन्हा बाहेर. ऑपरेशन करायचं की नाही आणि करायचं तर दुर्बिणीतून भागेल का, हे ठरवायला आतली किनार कुठून कुठपर्यंत सुटली आहे आणि हाड किती झिजलंय ते नीट दिसावं लागतं. खालोखाल खुबा, तरुण माणसाला मांडी घालून बसताना जांघेत कळ येते तो प्रकार. मनगटात करंगळीच्या बाजूला एक त्रिकोणी गादी असते तिच्यासाठी मनगटाचा. कोपर आणि घोट्याचा कमी. गुडघ्याचा बहुतेक वेळा गादीचं ऑपरेशन आधी झालेलं असेल आणि परत फाटली का हे बघायचं असेल तेव्हा.

हे दुर्बिणीचं ऑपरेशन तर नाही ना?

नाही. ते आर्थ्रोस्कोपी. नावं सारखी असल्यामुळे गोंधळ होतो, एक काका घरच्या सहा जणांना घेऊन, बॅग भरून, थर्मासबिर्मास घेऊन आले होते.

मग इंजेक्शनने दुखणं तरी कमी होईल का?

हे तपासणीचं इंजेक्शन आहे, उपचाराचं नाही. त्यात थोडं बधिर करायचं औषध मिसळलेलं असेल तर दोन-तीन तास सांधा एकदम मोकळा वाटतो, लोक खूश होऊन 'बरं झालं' म्हणतात आणि रात्री फोन करतात. तसं तात्पुरतं बरं वाटलं तर डॉक्टरांना नक्की सांगा, दुखणं सांध्याच्या आतलंच आहे याचा तो एक अंदाज असतो. खांद्यासाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन वेगळं, त्यात गल्लत नको.

डाय म्हणजे केसांना लावतात तसा का? अंग काळं-निळं होईल?

हसू नका, विचारतात. हा पाण्यासारखा बिनरंगाचा असतो. एमआरआयसाठी गॅडोलिनियम नावाच्या धातूचं औषध असतं, ते सलाइनमध्ये भरपूर पातळ करतात. सुई नीट आत गेली का हे एक्स-रेवर दिसावं म्हणून आयोडीनवालं दुसरं कॉन्ट्रास्ट थोडंसं टाकतात. लघवीचा रंग बदलत नाही, त्वचेवर डाग येत नाही. सांध्यातून ते हळूहळू शोषलं जातं आणि किडनीवाटे निघून जातं.

किडनीच्या रिपोर्टमध्ये माझी क्रिएटिनिन वाढलेली आहे, अशांना गॅडोलिनियम वाईट असं वाचलं.

वाचलं ते खोटं नाही, पण ते शिरेतून दिलेल्या डोसबद्दल आहे. हिशोब सांगतो. सत्तर किलोच्या माणसाला शिरेतून साधारण १४ मिली औषध जातं. आर्थ्रोग्रामसाठी साधारण २० मिली सलाइनमध्ये ०.१ मिली, म्हणजे जेमतेम दोन थेंब मिसळतात आणि त्यातलंही सगळं आत जात नाही. २०१७ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने काही जुन्या प्रकारची गॅडोलिनियम इंजेक्शनं शिरेतून देणं थांबवलं, तेव्हासुद्धा सांध्यात द्यायचं पातळ इंजेक्शन चालू ठेवलं, कारण डोसच एवढासा. तरी किडनीचा त्रास, डायलिसिस, काहीही असेल तर लपवू नका, सांगा, ठरवणारे डॉक्टर आहेत.

एक मात्र, काही ठिकाणी सांध्यात सुई न टाकता हाताच्या शिरेतूनच डाय देतात, मग दहा-पंधरा मिनिटं सांधा हलवायला लावतात आणि डाय आपोआप आत झिरपतो. तिथे डोस पूर्ण असतो, त्यामुळे किडनीचा रिपोर्ट तिथे खरंच महत्त्वाचा. तुमचं कोणत्या प्रकाराने करणार ते विचारून घ्या.

कोळंबी खाल्ली की मला पित्त उठतं, आयोडीनची ॲलर्जी म्हणतात ती हीच का?

नाही. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी त्यातल्या प्रोटीनची असते, आयोडीनची नव्हे. कोकणातून, गोव्यातून आलेले पेशंट हे आवर्जून सांगतात, सांगितलेलं चांगलंच, पण त्यामुळे तपासणी रद्द होत नाही. आधी कधी सीटी किंवा एमआरआयच्या इंजेक्शननंतर अंगावर गांधी, घसा आवळणं, दम लागणं असं झालं असेल तर ते मात्र पहिल्या फोनवरच सांगा. टेबलवर झोपल्यावर आठवून उपयोग नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, दोन दिवस आधी बंद केल्या तर?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. हे सुईचं छोटं काम आहे, इकोस्प्रिनसारखी गोळी बहुतेक वेळा चालूच ठेवतात. ॲसिट्रॉम, वॉर्फरिन असेल तर ताजा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा रिपोर्ट आणा. स्टेंट घातलेल्या माणसाने आमच्या एका सुईसाठी गोळी सोडणं म्हणजे भलतीच जोखीम.

उपाशी यायचं का? शुगरची गोळी?

उपाशी यायची गरज नसते, उलट हलका नाश्ता करून या. उपाशी पोटी सुई बघून चक्कर येणारे जास्त, आणि त्यात अंगाने धिप्पाड तरुण पोरंच पुढे, आज्या कधी पडत नाहीत. झोपेचं औषध देऊन एमआरआय करायचा ठरलं असेल तर मात्र उपाशी रहावं लागतं, ते सेंटर सांगेल. शुगर-बीपीच्या गोळ्या नेहमीसारख्या, वेगळं काही सांगितलं नसेल तर.

दागिने काढावेच लागतात? मंगळसूत्रसुद्धा?

हो. सोनं मशीनकडे ओढलं जात नाही हे खरंय, पण दागिन्यातल्या पिना, स्प्रिंग, हुक कशाचे आहेत हे कोणाला माहीत, शिवाय खांद्याजवळ धातू असला की फोटो बिघडतो आणि तापूही शकतो. जोडवी, चमकी, कर्दोटा, ताईत, साडीच्या पिना, केसातल्या पिना, कानातलं ऐकायचं मशीन, अंगावर चिकटवलेला औषधाचा पॅच, सगळं बाहेर. हातात घट्ट बसलेल्या पाटल्या असतील तर घरीच साबण लावून काढून या, सेंटरच्या बेसिनपाशी अर्धा तास झटापट होते. दागिने घरी ठेवून आलात तर सर्वात उत्तम.

भोसरी-चाकणकडे ग्राइंडिंग, लेथ, वेल्डिंगचं काम करणाऱ्यांनी एक सांगायचंच, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का. गेला असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. मशीनचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटीहून जास्त असतं, डोळ्यातला कण हलला तर नजर जाऊ शकते.

आणि बरोबर आलेल्या माणसालाही हेच नियम. २०१८ मध्ये मुंबईत पेशंटबरोबर आलेला एक जण ऑक्सिजनचं सिलेंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि मशीनने ओढल्यामुळे जीव गेला. आम्ही दारात ओरडतो ते उगाच नाही.

पेसमेकर आहे.

सगळ्यात आधी हे सांगा. काही नवीन पेसमेकर एमआरआयला चालतात, त्याचं कार्ड असतं ते आणा. चालत नसेल तर आयोडीनचा डाय टाकून सीटी आर्थ्रोग्राम करता येतो. ऑपरेशनमध्ये बसवलेले टायटॅनियमचे स्क्रू-प्लेट बहुतेक चालतात, फक्त त्याच सांध्यात असतील तर फोटोत काळे डाग पडतात.

दिवस गेलेत किंवा बाळाला अंगावर पाजतेय.

दिवस गेले असण्याची शंका जरी असली तरी सांगा, पुढे ढकलतात, कारण एक्स-रे आणि गॅडोलिनियम दोन्ही टाळायचे असतात. अंगावर पाजत असाल तर सहसा थांबवावं लागत नाही, दुधात उतरतं ते नगण्य.

सुई किती दुखते? खरं सांगा.

खरं सांगतो, लोक ज्याला घाबरून दोन रात्री झोपत नाहीत ते काम दहा-पंधरा मिनिटांत संपतं.

खांद्याचं सांगतो. तुम्ही उताणे झोपता, तळहात वरच्या बाजूला, कधी हातात रेतीची छोटी पिशवी देतात म्हणजे हात बाहेरच्या बाजूला वळलेला राहतो. वर सी-आर्म म्हणजे एक्स-रेचं मशीन किंवा बाजूला सोनोग्राफी. डॉक्टर कातडीवर पेनाने खूण करतात, बेटाडीनने पुसतात, ते गार लागतं, हिरवं कापड टाकतात. मग बधिर करायचं छोटं इंजेक्शन, ही खरी बोच, चार-पाच सेकंद चुणचुणतं. त्यानंतरची सुई लांब असते म्हणून बघू नका, समोर छताकडे बघा, तिचं टोचणं जाणवत नाही, दाब जाणवतो. टोक हाडाला टेकलं की एक बोथट, विचित्र जाणीव होते, तेव्हा हलायचं नाही. मग थोडासा डाय सोडून स्क्रीनवर बघतात, तो सुईपाशी गोळा झाला तर जागा चुकली, हाडाच्या गोलाईभोवती सरकन पसरला तर बरोबर आत. मग उरलेला सोडतात. खांद्यात साधारण १२ मिली, खुब्यातही जवळपास तेवढंच, मनगटात ३-४ मिली. शेवटच्या दोन-तीन मिलीला सांधा भरल्यासारखा, तटतटल्यासारखा वाटतो, भरपूर जेवणानंतर पोट वाटतं तसं पण खांद्यात. ज्यांचा खांदा आखडलेला आहे त्यांना हे लवकर आणि जास्त जाणवतं, कारण पिशवीच आकसलेली असते. सहन होत नसेल तर 'बास' म्हणा, डॉक्टर थांबतात. एक्स-रे लागतो तो काही सेकंदांचा, त्याची चिंता नको.

मग अवघड काय आहे?

पडून राहणं. डाय भरलेला ठणकता खांदा घेऊन ३० ते ४५ मिनिटं न हलता. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी ठळकपणे सांगतोय. आवाज धडधड, टकटक, ड्रिल मारल्यासारखा, कानात बोळे आणि वर हेडफोन देतो, तरी ऐकू येतोच. शिंक आली, खोकला आला, तर दोन आवाजांच्या मधल्या शांततेत घ्या. खोल श्वास नको, खांदा वरखाली होतो. बारीकशा चिरेसाठी आपण हा सगळा खटाटोप करतोय आणि दोन मिलीमीटर हललात तर तीच चिर पुसट होते, मग तो भाग परत.

खांद्याला शेवटी एक पोझ सांगतात, हात डोक्यामागे, उन्हाळ्यात ओट्यावर लोळताना ठेवतो तसा. ज्याचा खांदा निखळतो त्याला नेमकी हीच पोझ नकोशी वाटते. गेल्या पावसाळ्यात साताऱ्याकडचा एक पोरगा, बावीसेक वर्षांचा, सुईला हूं नाही की चूं नाही, पण हात डोक्यामागे न्यायचा म्हटल्यावर कपाळावर घाम. 'दादा, निघंल तो.' मी कोपराखाली दोन उश्या दिल्या, हात त्यानेच त्याच्या वेगाने नेला, आणि त्या सहा-सात मिनिटांच्या फोटोत सुटलेली किनार स्पष्ट दिसली, बाकीच्या फोटोत ती अर्धवटच होती. नाहीच जमलं तर जबरदस्ती कोणी करत नाही. उश्या मात्र मागून घ्या, लाजू नका, आमच्याकडे भरपूर असतात.

बंद जागेत मला गुदमरतं.

आधी सांगा. हातात रबराचा फुगा देतो, दाबला की आम्ही बोलतो, लागलं तर बाहेर काढतो. मशीन दोन्ही बाजूंनी उघडं असतं. आत जाण्याआधीच डोळे मिटा आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका, उघडले की छत दिसतं आणि तिथून सगळं बिघडतं. गुडघा-घोट्याच्या तपासणीत डोकं बहुतेक बाहेरच राहतं.

सुई झाल्यावर चहा पिऊन, थोडं बसून मग एमआरआय केला तर?

चहा नंतर. डाय आत गेला की घड्याळ सुरू, तासाभरात फोटो सुरू व्हायला हवेत, उशीर झाला की तो शोषला जातो आणि पिशवी परत चपटी. मी आधी जिथे कामाला होतो तिथे सुई एका बिल्डिंगमध्ये आणि एमआरआय दुसऱ्या, एकदा एका ताईंना सुई झाली आणि नेमकी मशीनवर इमर्जन्सी आली, दोन तास बसवून ठेवलं. फोटो काढले तर आत डाय जवळपास नाहीच. त्यांना परत बोलवावं लागलं, पुन्हा सुई, त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत पण मला अजून ते आठवतं. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, दोन्ही एकाच ठिकाणी, लागोपाठ आहे ना. आणि लघवीला सुईच्या आधी जाऊन या.

घरी गेल्यावर दुखेल का?

त्या संध्याकाळी बहुतेकांना दुखतं, बधिरपणा उतरला की आधीपेक्षा जास्त वाटतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. सांधा हलवला की पाणी हलल्यासारखं पचपच वाजेल, घाबरू नका, डायच आहे तो. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं, पॅरासिटॅमॉल चालत असेल तर तीच. चोळू नका, मालिश नको, गरम तेल नको, आजीने कितीही आग्रह केला तरी. आंघोळ दुसऱ्या दिवशी चालेल, जिम, पोहणं, जड बादल्या दोन दिवस बंद.

कधी घाबरायचं?

दोन-तीन दिवसांनी दुखणं उतरायच्या ऐवजी वाढत असेल, ताप, थंडी, सांधा लाल-गरम, सुईच्या जागेतून पाणी किंवा पू. सांध्यात जंतू जाणं फार क्वचित होतं पण झालं तर एक दिवसही घरी काढायचा नाही, रात्री असेल तर रात्री हॉस्पिटलला. अंगावर गांधी किंवा दम लागणं असेल तर त्याच क्षणी.

गाडी चालवत घरी जाऊ का?

नको. खांदा बधिर, आणि तुम्ही ॲक्टिव्हावर, समोर सिंहगड रोडचं ट्रॅफिक. कोणालातरी बरोबर आणा किंवा रिक्षा करा.

मेडिक्लेममध्ये मिळतं का?

नुसती तपासणी असेल तर बहुतेक पॉलिसींत नाही, ओपीडी कव्हर असेल तर मिळतं. पुढे त्याच सांध्याचं ऑपरेशन ॲडमिट होऊन झालं तर बऱ्याच पॉलिसी आधीच्या ३० दिवसांतला तपासणीचा खर्च धरतात, म्हणून बिल, पावती, डॉक्टरांची चिठ्ठी तिन्ही जपून ठेवा. खर्च साध्या एमआरआयपेक्षा जास्तच येतो, सुईचं काम, डाय, कधीकधी सी-आर्मचं वेगळं लावतात, तर फोनवर 'सगळं धरून किती' असंच विचारा.

रिपोर्ट कधी मिळतो, आणि तुम्हीच सांगा ना काय दिसलं?

साधारण दुसऱ्या दिवशी. मला स्क्रीनवर दिसतं पण मी सांगणार नाही, चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्नही करू नका, मी सगळ्यांनाच 'छान आले फोटो' म्हणतो. त्याचा अर्थ फोटो छान आले एवढाच. रिपोर्ट रेडिऑलॉजिस्ट करतात. नेताना फिल्मबरोबर सीडी किंवा लिंक मागून घ्या, ऑर्थोला स्वतः फोटो फिरवून बघायचे असतात, आणि आधीचा साधा एमआरआय पण त्याच पिशवीत ठेवा, येताना घरी विसरतात सगळे.